पार्लरमध्ये लेझर मशीन टाकायचं का? टोकन देण्याआधी हा हिशोब करा



पार्लरवरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली हा प्रश्न येतोच. "ताई, पार्लर बरं चाललंय. आता लेझर मशीन टाकू का? कंपनीवाला म्हणतो सहा महिन्यांत पैसे वसूल."

व्हिडिओत मी याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं होतं, पण दोन मिनिटांचा हा विषय नाही. मागच्या महिन्यात माझ्या जळगावच्या दुकानात धुळ्याहून एक ताई आल्या. मी पार्लरचं सामान विकते, त्या माझ्याकडून गेली चार वर्षं वॅक्स आणि फेशियल किट नेतात. त्या दिवशी वॅक्सची यादी नव्हती, पर्समध्ये कोटेशन होतं. सहा लाखांचं मशीन. शनिवारपर्यंत टोकन दिलं तर "स्कीम". आणि टोकनसाठी त्या सोनं गहाण ठेवायला निघाल्या होत्या. लग्नातली पोत आणि दोन बांगड्या.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि जे सांगितलं तेच आज तुम्हाला सविस्तर सांगते.

आधी माझी चूक ऐका

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाहीये. २०१९ मध्ये मी स्वतः असं मशीन घेतलं होतं. एका प्रदर्शनात डेमो पाहिला. विकणारा फार गोड बोलत होता. दोन लाख ऐंशी हजारांत मशीन, तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि फ्रेम करून लावायला सर्टिफिकेट. बीबीए केलंय ना मी! कागदावर ब्रेक-इव्हन काढला, सगळं छान दिसलं. दुकानामागच्या खोलीत एसी बसवला, एक ब्युटिशियन ठेवली, पॅम्फ्लेट वाटली. डॉक्टर ठेवला नाही, कारण विकणारा म्हणाला, "गरज नाही मॅडम, हे तर कॉस्मेटिक आहे."

तिसऱ्या महिन्यात एक मुलगी आली. साखरपुडा ठरलेला, हातावरचे केस काढायचे होते. एप्रिल महिना. रोज स्कूटीवर कॉलेजला जाणारी, हात उन्हाने चांगले रापलेले. आम्ही बघितलं, पण आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पॅच टेस्ट केली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. दोन्ही हातांवर ओळीने चौकोनी भाजल्याचे डाग होते, मशीनच्या काचेच्या मापाचे. साखरपुड्यात त्या मुलीने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला. कडक उन्हाळ्यात.

मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी मशीनचं नाव विचारलं, मग म्हणाले, "हे लेझर नाहीच, आयपीएल आहे. आणि रापलेल्या हातावर हे चालवायचंच नव्हतं." ट्रेनिंगच्या तीन दिवसांत मला या दोन्ही गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या.

डाग फिके व्हायला पाच महिने लागले. उपचाराचे बत्तीस हजार मी भरले. बाकीच्या गिऱ्हाइकांनी पॅकेजचे पैसे परत मागितले, ते तर हप्त्यांत केव्हाच गेले होते. दुकानाच्या भांडवलातून द्यावे लागले. मशीन शेवटी पंचेचाळीस हजारांत विकलं. पैसे मी दीड वर्षात भरून काढले. ती मुलगी मात्र आजही मेहरूण तलावाकडे फिरताना दिसली की माझी नजर आधी तिच्या हातांकडे जाते.

म्हणून हा लेख.

लेझर नेमकं करतं काय?

सोपं उदाहरण घ्या. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जळगावात स्कूटी उन्हात लावा. काळ्या सीटवर बसवणार नाही. त्यावर पांढरा टॉवेल टाकलेला असेल तर बसता येईल. ऊन तेच, पण काळा रंग जास्त ऊन शोषतो आणि तापतो.

केसांचं लेझर याच तत्त्वावर चालतं. केसात मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ते शोषतं, तापतं आणि केसाच्या मुळाजवळच्या पेशींना इजा होते. आजूबाजूची त्वचा वाचवून नेमकी हवी तीच गोष्ट तापवायची, हा सिद्धांत १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी मांडला. लेझर मात्र त्याआधीचं. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिलं लेझर चालवून दाखवलं होतं. म्हणजे यंत्र आधी आलं आणि त्वचेवर ते नीट कसं वापरायचं याचा सिद्धांत यायला वीसेक वर्षं लागली. आपल्याला तेच तीन दिवसांत शिकवतात.

आता खरी अडचण बघा. मेलॅनिन फक्त केसात नसतं, आपल्या त्वचेतही असतं. गोऱ्या युरोपियन बाईच्या पायावर काळा केस म्हणजे पांढऱ्या टॉवेलवर काळा दोरा. आपल्याकडे सावळ्या त्वचेवर काळा केस. प्रकाशाला दोन्ही काळंच दिसतं. नेम थोडा चुकला की केसाऐवजी कातडी भाजते.

म्हणून मशीनचा प्रकार महत्त्वाचा. केसांसाठी वापरली जाणारी मुख्य लेझर तीन:

- अलेक्झांड्राइट, ७५५ नॅनोमीटर. मेलॅनिन याला फार पटकन शोषतं. गोऱ्या त्वचेसाठी चांगलं, सावळ्या त्वचेवर जोखीम जास्त.
- डायोड, साधारण ८०० ते ८१० नॅनोमीटर. मधला पर्याय, भारतात भरपूर वापरला जातो.
- एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर. खोल जातं, वरच्या त्वचेतलं मेलॅनिन कमी तापवतं, म्हणून गडद त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित.

आणि आयपीएल? ते लेझर नाही. लेझरमध्ये एकच तरंगलांबी असते, आयपीएलमध्ये साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश झगझगतो. योग्य हातात, योग्य फिल्टर लावून ते उपयोगी आहे. पण स्वस्तातलं आयपीएल "लेझर" म्हणून विकलं जातं. माझी फसगत तिथेच झाली.

आपली त्वचा आणि आपलं ऊन

डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरवायची पद्धत मांडली. आज त्यात ६ प्रकार धरतात. पहिला अगदी गोरा, सहावा अगदी काळा. भारतातले बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. या त्वचेचा एक स्वभाव असतो. तिला काही लागलं, भाजलं, खाजवलं की ती काळा डाग धरून बसते. तुमच्या पायावर जुन्या डासाच्या चाव्याचा डाग असेल, तोच प्रकार. म्हणजे डाग घालवायला गेलेलं गिऱ्हाईक मोठा डाग घेऊन परत येऊ शकतं.

त्यात आपला खानदेश. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेतात जाणाऱ्या, बाइकवर फिरणाऱ्या, एसटीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाचा हात आणि चेहरा रापलेलाच असतो. ताज्या रापलेल्या त्वचेवर केसांचं लेझर करायचं नसतं. आधी ऊन टाळायचं, रापणं उतरू द्यायचं, मग सुरू करायचं.

आता धंद्याच्या नजरेने बघा. आपल्याकडे आखाजीच्या आसपास लग्नांचा धूमधडाका. नवरी पार्लरमध्ये येते कधी? लग्नाआधी पंधरा दिवस. केसांच्या लेझरला ६ ते ८ सिटिंग लागतात. कारण एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझरचा परिणाम वाढीतल्या केसांवरच होतो. चेहऱ्याला साधारण ४ ते ६ आठवड्यांचं अंतर, अंगाला ६ ते ८ आठवड्यांचं. आखाजीला लग्न असेल तर चेहऱ्याची सुरुवात दिवाळीत व्हायला हवी आणि हातापायांची त्याच्याही आधी. म्हणजे ऐन सीझनमध्ये, गिऱ्हाईक दारात उभं असताना, प्रामाणिक उत्तर "नाही, आता नको" हेच आहे. हप्ता मात्र त्याही महिन्यात भरायचाच आहे.

गिऱ्हाईक काय विचारतं आणि खरं उत्तर काय?

तुम्ही मशीन घ्या किंवा घेऊ नका, हे प्रश्न तुमच्या खुर्चीवर येणारच. उत्तरं माहीत असू द्या.

"हनुवटीवर केस येतात, कायमचे काढून द्या." आधी विचारा, पाळी नियमित आहे का? वजन वाढलंय का? पीसीओएस असेल तर आतून हार्मोन केस वाढवत राहतात. आतला इलाज न करता वरून लेझर केलं तर केस परत येतात आणि शिव्या तुम्हाला. काही जणींना चेहऱ्यावर आणि मानेवर लेझरनंतर केस उलट वाढतात, हा ज्ञात दुष्परिणाम आहे. पांढऱ्या केसांवर तर लेझर चालतच नाही, कारण त्यात रंगद्रव्यच नाही. आणि "कायमचे" हा शब्दच टाळा. अमेरिकेच्या एफडीएनेही "केस कायमचे कमी होणे" एवढंच मान्य केलंय, "कायमचे जाणे" नाही.

"वांग घालवा." वांग हा लेझरसाठी सगळ्यात नाजूक विषय. पहिला इलाज सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली मलमं. लेझर काही निवडक केसमध्ये, सांभाळून. गरमीने आणि उन्हाने वांग पुन्हा उमटतं, कधी आधीपेक्षा गडद.

"मान काळी झालीय, लेझर करा." मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी वळी पडली असेल तर तो मळ नसतो, घासून निघत नाही. बऱ्याचदा ते वाढलेल्या वजनाचं आणि शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. अशा गिऱ्हाइकाला साखर तपासायला सांगा. तुमचं ब्लीचचं एक बिल जाईल, पण ती बाई जन्मभर तुमचं नाव काढेल.

"पिंपल्सचे खड्डे भरा." इथे लेझरचा खरा उपयोग आहे. फ्रॅक्शनल सीओटू लेझर त्वचेत बारीक छिद्रांसारख्या जखमा करतं आणि त्या भरताना नवीन कोलॅजन तयार होतं. पण चालू असलेले पिंपल्स आधी औषधाने आटोक्यात आणावे लागतात, काही दिवस चेहरा लाल राहतो आणि खपली धरते. खड्डे कमी होतात, पूर्ण सपाट होतीलच असं नाही. ही सरळ सरळ डॉक्टरांची खोली आहे, पार्लरची नाही.

"हातावरचं नाव पुसायचंय." टॅटू किंवा गोंदण क्यू-स्विच्ड लेझरने फिकं करतात. काळी शाई सगळ्यात चांगली निघते, हिरवी-पिवळी हट्टी असते. अनेक सिटिंग लागतात. आपल्याकडे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं याची चौकशी करतात, कारण लष्करात कोहनीपासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू सोडून टॅटू चालत नाही. आदिवासी समाजाच्या पारंपरिक गोंदणाचा विचार वेगळा होतो. भरती दोन महिन्यांवर आल्यावर येणाऱ्या पोराला खोटी आशा लावू नका.

"हा तीळ जाळून टाका." कधीच नाही. प्रत्येक काळा ठिपका साधा तीळ नसतो. क्वचित तो कॅन्सरही असतो. न तपासता जाळला तर निदान लांबतं. आकार, रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ दिसला तर थेट डॉक्टरकडे.

यातल्या प्रत्येक उत्तरात एक गोष्ट समान आहे, लक्षात आली का? बटण दाबणं शेवटी येतं. आधी निदान येतं. मशीन हप्त्यावर मिळतं. निदान करायची नजर मिळत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी आठ-दहा वर्षं घातलेली असतात.

कायदा काय म्हणतो?

लेझर ही वैद्यकीय प्रक्रिया आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या राष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रशिक्षित डॉक्टरचीच अपेक्षा आहे. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर नॅशनल मेडिकल कमिशन कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्राचा १९६१ चा मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायदा वेगळा आहेच, बोगस डॉक्टरांवर गुन्हे दाखल होतात ते त्याखालीही. कंपनीने दिलेलं सर्टिफिकेट इथे ढाल होत नाही.

दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. गिऱ्हाइकाने पैसे दिले, सेवेत कसूर झाली, तर ते जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. "१०० टक्के, कायमचं, साइड इफेक्ट नाही" अशी दिशाभूल करणारी जाहिरात केली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं. पॅम्फ्लेट छापताना हे आठवा. कंपनीचं पॅम्फ्लेट जसंच्या तसं छापलं तरी खाली नाव तुमचं असतं.

तिसरं, मशीन. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली वैद्यकीय उपकरणांवर सीडीएससीओ या केंद्रीय संस्थेचं नियंत्रण आहे. विक्रेत्याकडे त्याचे कागद नसतील तर "नंतर पाठवतो" ऐकून घेऊ नका.

चौथं, जीएसटी. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. कॉस्मेटिक सर्जरीला आरोग्यसेवेसारखी माफी नाही. पार्लरसारख्या सौंदर्यसेवांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे मशीनवर भरलेला जीएसटी वजावटीत मिळत नाही, तो तुमच्या खर्चातच धरायचा. तुमचं काम कुठल्या खान्यात बसतं हे सीएला कोटेशन दाखवून, टोकनच्या आधी विचारा.

आता वही काढा

धुळ्याच्या ताईंबरोबर मी मांडला तो हिशोब असा. आकडे त्यांच्या कोटेशनचे आणि आमच्या अंदाजाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

मशीन ६ लाख, व्याज १४ टक्के, मुदत ३ वर्षं. दर महिन्याचा खर्च:

- हप्ता: २०,५००
- खोलीचं भाडं: ६,०००
- एसी आणि मशीनची वीज: ४,०००
- मशीनचा वार्षिक देखभाल करार, महिन्यावर वाटून: ५,०००
- मदतनीस: १२,०००
- जाहिरात: ५,०००
- डॉक्टरांची व्हिजिट, महिन्यात ४ दिवस, दिवसाला ५,०००: २०,०००

एकूण ७२,५००.

एका सिटिंगचे सरासरी १,५०० धरले आणि जेल, ब्लेड, टिश्यू असा १० टक्के खर्च काढला तर हातात १,३५० उरतात. ७२,५०० भागिले १,३५० म्हणजे ५४ सिटिंग. यावर तुमचा एक रुपयाही नफा नाही.

ताई म्हणाल्या, "महिन्याला ५४? मी तर रोज तेवढे आयब्रो करते!" बरोबर आहे. पण तीन गोष्टी बघा.

एक, डॉक्टर महिन्यात चारच दिवस. म्हणजे प्रत्येक दिवशी तेरा-चौदा सिटिंग भरल्या पाहिजेत. बाकी सव्वीस दिवस मशीन झाकून ठेवायचं.

दोन, एक गिऱ्हाईक साधारण दीड महिन्याने येतं. महिन्याला ५४ सिटिंग हव्या असतील तर एका वेळी ८१ गिऱ्हाइकं चालू हवीत. आणि वॅक्सचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं दर महिन्याला येतं, लेझरचं काम नीट झालं तर ते वर्षभरात संपतं. पुढच्या वर्षी पुन्हा ८१ नवीन शोधा. मधूनमधून टच-अपला येतील, पण तेवढ्यावर हप्ता निघत नाही. वर तुमचं वॅक्सचं गिऱ्हाईक कमी झालं ते वेगळंच.

तीन, आणि ही सगळ्यात धोक्याची. पॅकेजचे पैसे आधी येतात. आठ सिटिंगचे बारा हजार हातात आले की वाटतं कमाई झाली. ती कमाई नाही, देणं आहे. एक सिटिंग झाली तेव्हा दीड हजार तुमचे, साडेदहा हजार अजून गिऱ्हाइकाचे. ते हप्त्यात भरले आणि मध्येच मशीन बंद पडलं, तर? माझं हेच झालं होतं. पॅकेज घ्यायचंच असेल तर पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि झालेल्या सिटिंगपुरतेच काढा.

डायोडच्या हँडपीसचं आयुष्य शॉटमध्ये मोजतात. शॉट संपले की हँडपीस बदला. तो खर्च वरच्या यादीत मी धरलेलाच नाही.

ताईंनी आकड्यांखाली दोनदा रेघ मारली. मग म्हणाल्या, "मंग आते काय करो भो?"

मग कमवायचं कसं?

लेझरची मागणी खोटी नाही. नाशिक, सुरतला जाऊन पैसे घालणारी आपली माणसं आहेत. त्या मागणीत तुमची जागा कुठे, एवढंच ठरवायचंय. मला तीन रस्ते दिसतात.

पहिला: आधीची आणि नंतरची काळजी. लेझर घेणाऱ्या माणसाला सिटिंगच्या आधी ४ ते ६ आठवडे वॅक्स, थ्रेडिंग, प्लकिंग बंद करावं लागतं, कारण मुळाशी केस हवा. फक्त शेव्हिंग चालतं. सिटिंगनंतर ऊन, गरम पाणी, ब्लीच आणि स्क्रब काही दिवस बंद. सनस्क्रीन रोज, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. "मी स्कार्फ बांधते ना" हे उत्तर पुरेसं नाही. हे सगळं कोण सांगतं? डॉक्टरांकडे रांग असते. तुम्ही सांगा. सनस्क्रीन, मॉइश्चरायझर, साधे फेसवॉश ठेवा. माझ्या दुकानात आज सनस्क्रीनचं गिऱ्हाईक फेशियल किटपेक्षा भरवशाचं आहे, कारण ट्यूब संपली की ते परत येतं.

दुसरा: जागा तुमची, दवाखाना डॉक्टरांचा. तुमच्याकडे स्वच्छ खोली, पार्किंग आणि बायकांचा विश्वास आहे. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना आठवड्यातून एक दिवस ती खोली भाड्याने द्या. मशीन त्यांचं, जबाबदारी त्यांची, फी त्यांची. तुम्हाला ठरलेलं भाडं. लेखी करार करा. एक सावधगिरी: "पेशंटमागे कमिशन द्या" असं म्हणू नका. डॉक्टरांनी पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. चांगला डॉक्टर त्या वाक्यावरच उठून जाईल.

तिसरा: खरं सांगणारं पार्लर. हे ऐकायला धंद्यासारखं वाटत नाही, पण आहे. २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या अकोल्यातली एक केस गाजली. एका विद्यार्थिनीच्या आणि तिच्या घरातल्या दोघींच्या किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममधला पारा सापडला. क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली होती. स्टेरॉइडच्या मलमांचंही तसंच. २०१८ पासून अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी "गोरं होण्याची क्रीम" म्हणून ती काउंटरखालून जातात. आठ दिवस चेहरा उजळतो, मग पातळ होतो, लाल होतो, केस येतात. ज्या गावात असला माल मिळतो, तिथे "आमच्याकडे असलं काही मिळत नाही" ही पाटीसुद्धा जाहिरात ठरते.

खिशाला परवडत नसलेल्या गिऱ्हाइकाला जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग ओपीडीचा पत्ता द्या. फुकट दिलेला पत्ता माणूस विसरत नाही.

तरीही मशीन घ्यायचंच असेल

डॉक्टर घरातले असतील किंवा भागीदार असतील तर जरूर विचार करा. विक्रेत्याला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. हे लेझर आहे की आयपीएल? तरंगलांबी किती?
२. सीडीएससीओचे कागद दाखवा. मॉडेल नंबर तोच आहे का?
३. त्वचा गार ठेवायची सोय कोणती?
४. हँडपीस किती शॉटचा, आज किती शॉट झालेत, नवा केवढ्याला?
५. इंजिनिअर कुठून येतो, किती दिवसांत? तेवढ्या दिवसांचं नुकसान कोणाचं?
६. त्या तरंगलांबीचे गॉगल किती देता? गॉगल न घालता डोळ्यात किरण गेला तर नजर जाऊ शकते.
७. दोन वर्षांनी तुम्हीच परत घ्याल का, केवढ्याला?
८. गिऱ्हाईक भाजलं तर तुमची जबाबदारी काय?

आठव्या प्रश्नानंतर खुर्चीतल्या माणसाचा चेहरा नीट बघा. बरंच उत्तर तिथेच मिळतं.

आणि तुमच्या खोलीत काम चालणार असेल तर डॉक्टरांकडून एवढं होतंय का बघा: पॅच टेस्ट, मराठीत संमतीपत्र, आधीचा-नंतरचा फोटो, गर्भारपण, चालू औषधं आणि जखम उठून वाढण्याची सवय यांची विचारपूस. बधिर करणारं मलम अंगभर चोपडून बसवणं धोक्याचं आहे, ते रक्तात जाऊन झटके येऊ शकतात. तेही डॉक्टरांच्या मापानेच.

धुळ्याच्या ताईंचं काय झालं?

शनिवारी टोकन गेलं नाही. स्कीम पुढच्या शनिवारीही चालूच होती, असा त्यांचा फोन आला, आणि आम्ही दोघी खूप हसलो. पोत आणि बांगड्या घरीच आहेत. त्यांनी देवपुरातल्या पार्लरची मागची खोली रंगवून घेतली, एका त्वचारोगतज्ज्ञांशी भाड्याची बोलणी चालू आहेत. जमेल की नाही, अजून माहीत नाही. परवा वॅक्सच्या ऑर्डरसोबत त्यांनी सनस्क्रीनचे दोन बॉक्स मागवले.

तुमचा या आठवड्याचा गृहपाठ: पुढचे सात दिवस त्वचेबद्दल येणारा प्रत्येक प्रश्न वहीत लिहा. कोणी विचारला, काय विचारला, तुम्ही काय सांगितलं. आठवड्याच्या शेवटी बघा, त्यातले किती प्रश्न मशीनचे होते आणि किती डॉक्टरचे. मगच कोटेशन मागवा.

पुढच्या व्हिडिओत पॅकेजचे ॲडव्हान्स पैसे वहीत कसे मांडायचे ते दाखवते. वही-पेन घेऊन बसा. भेटूच!